८५ अंशांचं पाणी वाया चाललंय : वीज काढू की गारवा?

तेलपाणी (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून काढतो.

आमच्या कामाच्या जागी डिझेल जनरेटर दिवसाचे सोळा तास चालतो. लोड सरासरी ६० किलोवॅट : खोल्या गार ठेवणारे तीन कॉम्प्रेसर, हवेचा कॉम्प्रेसर, सुटे भाग धुवायची टाकी, पंप, दिवे असं सगळं. रेडिएटरसमोर मिनिटभर उभं राहिलं की पापण्या कोरड्या पडतात. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे एसीचे बाहेरचे युनिट तितक्याच जोमाने गरम हवा फेकत असतात. म्हणजे इकडे उष्णता फेकायला पंखा, तिकडेही उष्णता फेकायला पंखा, आणि दोन्ही माझ्याच डिझेलवर.

मागच्या आठवड्यात पाइपांना दोन थर्मामीटर बांधले. इंजिनातून बाहेर पडणारं पाणी ८६ अंश, रेडिएटरमधून परत येणारं ८०. प्रवाह सेकंदाला १.६ लिटर. १.६ × ४.१९ × ६ = ४० किलोवॅट. एक्झॉस्टचं अजून बघितलेलंच नाही, हे फक्त जॅकेटच्या, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचं.

चाळीस किलोवॅट! दोन तृतीयांश जनरेटर रेडिएटरमधून उडून जातोय. माझ्यासमोर तीन वाटा आहेत : थर्मोइलेक्ट्रिक टाइल्स (एक बाजू गरम, दुसरी गार ठेवली की वीज देणाऱ्या), छोटं ओआरसी (कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन फिरवणारं यंत्र), नाहीतर उष्णतेवर चालणारा चिलर. माझा कल विजेकडे आहे, कारण वीज कुठेही वळवता येते. ज्यांनी यात हात काळे केलेत त्यांनी बोलावं.

रिकामटेकडा

जागा धरून बसलोय. धागा शंभरी गाठणार.

कार्नोचा भाचा

तेलपाणी, ४० किलोवॅट ऐकून हुरळून जाऊ नका. उष्णता किती आहे हा अर्धाच प्रश्न झाला, ती किती अंशांवर आहे हा उरलेला अर्धा.

८६ अंश म्हणजे ३५९ केल्विन. बाहेरची हवा ३५ धरू, म्हणजे ३०८. आता १ वजा ३०८/३५९ करा. १४ टक्के. याच्या वर कुणाचाच बाप जाऊ शकत नाही, हे आमच्या मामांनी, म्हणजे फ्रेंच इंजिनीयर कार्नोने, १८२४ सालीच लिहून ठेवलंय. आणि ते १४ टक्केसुद्धा अनंत सावकाश चालणाऱ्या इंजिनाचे, ज्यातून प्रत्यक्षात काहीच शक्ती निघत नाही. ठीकठाक वेगाने शक्ती हवी असेल तर त्या भागाकाराचं वर्गमूळ घेऊन एकातून वजा करायचं असा एक ढोबळ अंदाज आहे. तो येतो साडेसात टक्क्यांच्या आत. छोट्या ओआरसीत टर्बाइन किंवा स्क्रोल, पंप आणि एक्स्चेंजरमधली गळती धरली की पाच-सहा.

४० चे झाले सव्वादोन. त्यातून फीड पंप आणि कंडेन्सरचा पंखा वजा करा. हातात दीड किलोवॅट पडला तर पेढे... असो, तर नशीब म्हणा.

तेलपाणी

दीड?? आमच्या हवेच्या कॉम्प्रेसरला गळणाऱ्या जॉइंट्सपायी याहून जास्त लागत असेल.

कार्नोचा भाचा

मग आधी ते जॉइंट्स आवळा. गंमत करत नाहीये.

फिनमोड्या

टाइल्सबद्दल मी बोलतो, कारण जखम अजून ओली आहे.

चार बाय चार सेंटिमीटरच्या बारा टाइल्स आणल्या. अॅल्युमिनियमच्या चौकोनी डब्यात ८५ अंशांचं पाणी, डब्याच्या बाहेर टाइल्स, त्यावर पेस्ट आणि त्यावर जुन्या संगणकातून काढलेल्या फिन्स. पाणी ओतलं, एलईडीची पट्टी लख्ख पेटली. घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवली. ती मंडळी येऊन उभी राहीपर्यंत पट्टी मलूल. मीटर लावून बघतो तर व्होल्टेज निम्म्याहून खाली. पाणी अजून ८० अंशांवर होतं, मग झालं काय? फिन्सना बोट लावलं आणि चटका बसला. गरम बाजू गरमच होती, फक्त गार बाजू गार राहिलेली नव्हती.

टाइलची वीज तापमानाच्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढते-घटते. सुरुवातीला फरक ५५ अंशांचा होता, दहा मिनिटांत २५ वर आला. म्हणजे वीज राहिली एक पंचमांश. मग फिन्सवर पंखा लावला. पट्टी पुन्हा पेटली, पण पट्टीपेक्षा पंख्यालाच जास्त वीज लागत होती!

एवढ्याशा फरकाला या टाइल्स एक-दीड टक्क्याच्या पुढे जात नाहीत. सीबेकने १८२१ मध्ये हा परिणाम पाहिला, दोनशे वर्षं उलटून गेली, अजून कोमट पाण्याशी त्याचं जमलेलं नाही. जिथे तार नेणं अशक्य आहे आणि सेन्सरपुरती चिमूटभर वीज हवी आहे तिथे या उत्तम. तुमच्या रेडिएटरवर नको.

शून्यदाब

मी बारा वर्षं अॅब्सॉर्प्शन चिलरची देखभाल केली आहे. म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

तेलपाणी दादा, तुम्हाला शेवटी हवाय गारवा. उष्णतेची वीज, विजेवर कॉम्प्रेसर आणि मग गारवा, असा वळसा घेऊ नका. वर दीड किलोवॅट वीज निघाली ना? तुमचे कॉम्प्रेसर एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता उचलत असतील तर त्या दीडचा गारवा होतो साडेचार किलोवॅट. तीच ४० किलोवॅट उष्णता थेट सिंगल इफेक्ट लिथियम ब्रोमाइड मशीनला दिलीत तर सीओपी (म्हणजे दिलेल्या शक्तीच्या किती पट गारवा मिळतो तो आकडा) ०.६५ धरून २६ किलोवॅट, म्हणजे सातच्या वर टन (एक टन गारवा म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट). साडेचार कुठे आणि २६ कुठे.

उलट्या बाजूनेही मोजा. २६ किलोवॅट गारव्यासाठी तुमचे कॉम्प्रेसर आज साडेआठ किलोवॅट वीज ओढतात. ती वाचली. नव्या मशीनचे पंप आणि कूलिंग टॉवरचा (पाणी उडवून उष्णता बाहेर फेकणाऱ्या मनोऱ्याचा) पंखा यांना दीड-दोन जातील. तरी सहा-सात उरतातच.

आता मशीन आतून कसं असतं ते. तापवून गार करायचं म्हटलं की लोकांना जादू वाटते, पण जादूबिदू काही नाही. आत साधं पाणीच रेफ्रिजरंट असतं. भांड्यातली हवा उपसून दाब पाऱ्याच्या साडेसहा मिलिमीटरवर आणला की पाणी ५ अंशांवर उकळतं. उकळायला लागणारी उष्णता ते तुमच्या खोलीतून फिरून आलेल्या पाण्याच्या नळ्यांतून ओढून घेतं, आणि झाला गारवा. पण झालेली वाफ तिथून हलवली नाही तर दाब चढेल आणि उकळणं थांबेल. कॉम्प्रेसरवाल्या मशीनमध्ये वाफ ओढायचं काम कॉम्प्रेसर करतो. इथे ते मीठ करतं. लिथियम ब्रोमाइडचं घट्ट द्रावण वाफेचं इतकं भुकेलेलं असतं की शेजारच्या भांड्यात नुसतं शिंपडलं तरी ती गिळून टाकतं. गिळून ते पातळ होतं. मग त्याला पुन्हा घट्ट करायला तुमचं ८६ अंशांचं पाणी लागतं. तिथे निघालेली वाफ टॉवरच्या पाण्याने थंड होऊन परत पहिल्या भांड्यात. वीज लागते ती फक्त द्रावण फिरवणाऱ्या छोट्या पंपांना.

तरीही डोळे झाकून 'घ्या' असं मी म्हणणार नाही. या मशीनला दोन रोग असतात. पहिला, हवा शिरणं. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पुरतं. हवा आत गेली की गारवा बसतो आणि आतून गंज धरायला लागतो. दुसरा, मीठ बसणं, म्हणजे द्रावण प्रमाणाबाहेर घट्ट होऊन एक्स्चेंजरमध्ये त्याचे खडे होणं. रात्री-अपरात्री वीज गेली, द्रावण फिरायचं थांबलं, सकाळी येऊन बघतो तर मशीन ठप्प. मीटर बघायच्या आधी मी हात लावायचे. उलट्या वळणाची एक नळी असते, जे-ट्यूब म्हणतात तिला. एरवी ती कोमट असते. ती हाताला गरम लागली की समजायचं, एक्स्चेंजर तुंबलाय आणि मशीनच्या आतल्या 'जनरेटर'मधलं, म्हणजे द्रावण तापवून घट्ट करणाऱ्या भांड्यातलं गरम द्रावण वरून ओसंडून या वाटेने चाललंय. ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. त्या गरम द्रावणाने खालचं मीठ हळूहळू विरघळतं. कधी दोन तासांत सुटतं, कधी बाहेरून वाफ मारत दिवस जातो.

नव्या ऑपरेटरला न पटणारी एक गोष्ट : टॉवरचं पाणी अचानक फार गार झालं तरी मीठ बसतं. त्याला वाटतं जेवढं गार तेवढं चांगलं. तसं नाही.

रिकामटेकडा

ताई, 'भुकेलेलं मीठ' ही उपमा वहीत टिपून घेतली आहे.

उन्हाचा तुकडा

शून्यदाब ताईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मग जनरेटर तरी कशाला हवा? छपरावर सोलर कलेक्टर लावून ९० अंशांचं पाणी करायचं आणि त्यावर हाच चिलर चालवायचा. ऊन जास्त तेव्हा गारव्याची गरजही जास्त, निसर्गानेच जोडी जुळवून दिली आहे. आणि कल्पना नवी नाही. ऑग्युस्टीन मूशो नावाच्या फ्रेंच शिक्षकाने १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात आरशाने ऊन एकवटून वाफ केली आणि फर्डिनांड कारेच्या अमोनियाच्या यंत्राला जोडून चक्क बर्फ काढून दाखवला होता. उन्हातून बर्फ!

कार्नोचा भाचा

मूशोला दंडवत. पण १८७८ मध्ये सोलर पॅनेल नव्हतं. आज छपराच्या त्याच चौरस मीटरवर पॅनेल २० टक्के वीज देतं. तिच्यावर तीन सीओपीचा साधा कॉम्प्रेसर चालवला तर उन्हाच्या एका भागाला ०.६ भाग गारवा. तुमचा कलेक्टर ९० अंशांवर ५० टक्के उष्णता देणार, चिलर ०.६५ ने गुणणार, हाती ०.३३. जवळजवळ निम्मं. शिवाय पॅनेलची वीज चिलर बंद असताना दुसरीकडे वापरता येते.

सोलर थर्मल चिलर मला मनापासून आवडतो, फक्त हिशेब त्याच्या बाजूने उभा राहत नाही. मुद्दाम उष्णता तयार करायची असेल तर या मशीनच्या वाट्याला जाऊ नये. आधीच तयार होऊन बाहेर फेकली जाणारी असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे ०.६५ हा आकडा कमी असला तरी तो फुकटाच्या मालावर आहे.

उन्हाचा तुकडा

आकडे बरोबर आहेत, मान्य. पण मन खट्टू झालं.

दर्यावर्दी

थोडं विषयांतर. कोमट उष्णतेतून वीज काढायचा सगळ्यात मोठा हट्ट समुद्रावर झालाय. वरचं पाणी २५ अंशांच्या पुढे, हजार मीटर खोल ५ अंशांच्या आसपास. द'आर्सोनव्हालने १८८१ मध्ये हे सुचवलं आणि त्याचा शिष्य जॉर्ज क्लोदने १९३० मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर २२ किलोवॅटचं यंत्र चालवूनही दाखवलं. गोम अशी की खालचं पाणी वर ओढायला त्याहून जास्त शक्ती लागत होती. १९७९ साली हवाईजवळ तराफ्यावर मिनी-ओटेक हे समुद्राच्या उष्णतेवरचं छोटं वीजयंत्र चालवलं, ते पहिल्यांदा फायद्यात आलं. पण टर्बाइनवर निघालेल्या पन्नासेक किलोवॅटमधून पंपांचं भागवून जेमतेम तिसरा हिस्सा उरला.

वीस अंशांच्या फरकावर मामांची मर्यादाच ७ टक्क्यांच्या आत येते. एवढ्या बारीक धंद्यात पंपाचा खर्च हाच खरा मालक.

फिनमोड्या

म्हणजे माझा पंखा आणि क्लोदचा पंप एकाच जातीचे. बरं वाटलं.

शून्यदाब

दर्यावर्दी, बरोबर जागी बोट ठेवलंत. याच्या उलट उदाहरण अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्जचं आहे. तिथे जमिनीतून येणारं पाणी फक्त ७४ अंशांचं, तेलपाणी दादांच्या पाण्याहून थंड. तरी २००६ पासून तिथे २०० किलोवॅटची ओआरसी यंत्रं चालताहेत. कशी? गार बाजूला ४ अंशांचं पाणी मिळतं म्हणून. कार्यक्षमता तरीही आठ टक्क्यांच्या घरातच. आणि यंत्र म्हणजे मोठ्या सेंट्रिफ्युगल चिलरचेच भाग घेऊन उलटं चालवलेलं, कॉम्प्रेसरच्या जागी टर्बाइन.

त्याहून मजा पुढे आहे. त्याच गरम पाण्यावर तिथे अमोनियाचा अॅब्सॉर्प्शन चिलर चालतो आणि त्याच्या जोरावर बर्फाचं अख्खं संग्रहालय उन्हाळाभर गोठलेलं राहतं. तिथेही कॉम्प्रेसर नाही लावला. लिथियम ब्रोमाइडचं मशीन हे करू शकत नाही, कारण त्यात पाणीच रेफ्रिजरंट, ते शून्याला गोठतं. शून्याखाली जायचं तर अमोनिया-पाणी. अमोनिया विषारी, वास भयंकर, त्यामुळे सुरक्षेचे सगळे सोपस्कार आले.

कॉम्प्रेसरभक्त

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून मुद्दाम बेसूर लावतो.

सात टनांचं अॅब्सॉर्प्शन मशीन शोधून दाखवा. शेकड्यांनी टनांची मशीन्स सगळीकडे आहेत, रुग्णालयं आणि मोठे कारखाने ती वर्षानुवर्षं वापरताहेत. लहानात बनवणारे मोजके. बंद पडलं तर दुरुस्त करणारा मिळणार नाही. वर शून्यदाब ताईंनी जे-ट्यूबला हात लावून रोग ओळखायची जी कला सांगितली, ती तेलपाणींच्या ऑपरेटरकडे आहे का? कॉम्प्रेसर बिघडला तर गल्लीतला पोरगा येऊन गॅस भरून जातो. शिवाय ८६ अंश या मशीनला काठावरचे आहेत. ९५ वर जेवढे टन लिहिलेले असतात तेवढे ८६ वर मिळत नाहीत, मशीन एक माप मोठं घ्यावं लागतं.

शून्यदाब

तिन्ही मुद्दे मान्य. खोटं कशाला बोलू. कमी तापमानाला सिलिका जेलचे अॅड्सॉर्प्शन चिलर असतात, ते ६०-६५ अंशांवरही चालतात आणि त्यात मीठ बसायची भानगड नाही. म्युनिकजवळच्या लाइबनिट्झ केंद्रात महासंगणकांमधून निघणाऱ्या गरम पाण्यावर असे चिलर चालवतात. पण सीओपी ०.५ च्या आसपास, आकाराने अवाढव्य, आणि जेलचे दोन कप्पे आलटून पालटून चालत असल्याने गारवा हेलकावे खात येतो.

ओलाकोरडा

कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. खोल्यांमध्ये नेमकं काय काढायचंय, उष्णता की ओल? बाहेरची हवा भरपूर आत घ्यावी लागत असेल आणि ती दमट असेल तर कॉम्प्रेसरचा बराच जोर ओल काढण्यातच जातो. त्यासाठी डेसिकंट व्हील बघा. सिलिका जेल लावलेलं मोठं चाक सावकाश फिरतं, अर्ध्या भागातून आत येणारी हवा कोरडी होते, उरलेल्या अर्ध्यातून ६०-७० अंशांची गरम हवा सोडून जेल वाळवायचं. व्हॅक्यूम नाही, मीठ नाही, बेल्ट तुटला तर कुणीही बदलतो. मात्र हवा कोरडी होताना तापते, ती पुढे गार करावीच लागते.

तेलपाणी

ओल नाही, निव्वळ उष्णता. खोल्या बंदच असतात, आत यंत्रं आहेत.

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. विजेचं भूत उतरलंय. शून्यदाब ताई, समजा चिलरच घ्यायचा ठरवला, तर आधी काय मोजू?

शून्यदाब

गार बाजू. लोक नेहमी गरम बाजू मोजून येतात. चिलर ४० किलोवॅट उष्णता घेणार, खोल्यांतून २६ उचलणार, म्हणजे ६६ किलोवॅट बाहेर फेकायचे आहेत. तुमच्या आजच्या कॉम्प्रेसरांना तेवढ्याच गारव्यासाठी ३५ च्या आसपास फेकावे लागतात. जवळजवळ दुप्पट. ते कुठे आणि कशात फेकणार?

थर्मामीटरच्या फुग्याला सुती फडकं गुंडाळून ओलं करा, पंख्यासमोर धरा, आकडा खाली येऊन स्थिरावला की लिहा. दुपारी तीनला आणि रात्री. हा ओला आकडा. टॉवरचं पाणी त्याच्या तीन-चार अंश वर येऊन थांबतं.

तेलपाणी

आज दुपारी मोजलं. कोरडा ३६, ओला २५. फडकं जुन्या बनियनचं. पाच मिनिटं हात अवघडला, पण आकडा २५ वर ठाम.

शून्यदाब

म्हणजे टॉवरला २८-२९ मिळेल. तापमान छान आहे. आता पाणी. ६६ किलोवॅट बाष्पीभवनाने फेकायचे तर तासाला शंभरेक लिटर पाणी उडून जाणार. सोळा तासांचे दीड हजारांवर. उडालेल्या पाण्याचे क्षार मागे उरतात, म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं, त्याचे आणखी पाचशे. दिवसाला दोन हजार लिटर.

तेलपाणी

इथेच गाडी अडली. आमच्याकडे तेवढं गोडं पाणी रोजचं नाही. आरओमधून टाकून दिलं जाणारं पाणी चालेल?

शून्यदाब

अजिबात नको. त्यात आधीच क्षार ठासून भरलेले. टॉवरमध्ये ते आणखी घट्ट होतील आणि कंडेन्सरच्या नळ्यांत महिनाभरात पापुद्रा धरेल. पाणी न उडवणारा कोरडा कूलर लावायचा तर ३६ अंशांच्या हवेत परतीचं पाणी ४१-४२ चं येणार. एवढ्या गरम कंडेन्सरवर ८६ अंशांचं पाणी मशीन ढकलू शकत नाही.

कॉम्प्रेसरभक्त

मी काही बोललो नाही हं.

निवांत

धागा उशिरा वाचला. इंजिनीयर नाही, स्टोअर सांभाळतो, म्हणून प्रश्न बाळबोध वाटला तर सोडून द्या. वर दर्यावर्दींनी समुद्राचं लिहिलं तसं मी एकदा सौर तळ्यांबद्दल वाचलं होतं. खाऱ्या पाण्याच्या तळ्यात खालचा जड थर तापतो आणि उष्णता तिथेच अडकून राहते. इस्रायलने ऐन बोकेकला १९७९ मध्ये त्यावर १५० किलोवॅटचं वीजयंत्र चालवलं. भूजच्या तळ्याने मात्र वीजबिज काही केलं नाही, ७० अंशांचं पाणी सरळ शेजारच्या डेअरीला दिलं.

तर प्रश्न असा : तेलपाणी, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सुटे भाग धुवायची टाकी लिहिली आहे. ती कशावर तापते?

तेलपाणी

...

हीटरवर. ९ किलोवॅटचा. टाकी ६० अंशांवर ठेवायची असते. सोळापैकी अकरा-बारा तास हीटर चालू असतो.

कार्नोचा भाचा

थांबा, मला हसू आवरू द्या. म्हणजे डिझेल जाळून ८६ अंशांचं पाणी करायचं, ते फेकून द्यायचं, उरलेल्यातून वीज काढायची आणि त्या विजेने ६० अंशांचं पाणी करायचं. आणि इथे आम्ही अलास्कापर्यंत जाऊन आलो.

१२ भागिले १६ गुणिले ९ म्हणजे सरासरी पावणेसात किलोवॅट. ताईंच्या चिलरने जेवढं वाचणार होतं जवळपास तेवढंच, आणि लागणार काय, तर एक प्लेट एक्स्चेंजर, एक पंप आणि थोडा पाइप.

फिनमोड्या

निवांत, तुम्ही स्टोअरमधून बाहेर या जरा.

शून्यदाब

निवांत दादा, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. बारा वर्षं चिलरजवळ उभं राहिलं की जिकडे तिकडे चिलरच दिसतो.

तेलपाणी दादा, तीन गोष्टी सांभाळा. इंजिनाचं कूलंट टाकीत थेट फिरवू नका, मध्ये प्लेट एक्स्चेंजर हवाच. इंजिनात परत जाणारं पाणी फार गार होऊ देऊ नका, नाहीतर इंजिन थंड राहून तेल खराब होईल. म्हणून एक्स्चेंजरला बायपास आणि तापमानाचा व्हॉल्व्ह ठेवा. आणि रेडिएटर काढायचा नाही, तो मागे तसाच राहू द्या. टाकीची उष्णता भागली की उरलेली त्यालाच फेकायची आहे.

एक्झॉस्टकडे वळायचं असेल तर तेही नंतर बघू. तिथली उष्णता चारशे अंशांच्या आसपास, म्हणजे वरच्या दर्जाची. पण धूर फार थंड केला तर त्यातल्या गंधकाचं आम्ल नळ्यांवर उतरतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

रिकामटेकडा

शंभरी नाही गाठली, पण वसूल.

तेलपाणी

सात आठवड्यांनी वर आणतोय.

प्लेट एक्स्चेंजर बसला. टाकी ६१-६२ वर स्थिर असते. पहिले दोन दिवस पोरांना विश्वासच बसेना, सवयीने हीटरचं बटण दाबायची आणि थर्मोस्टॅट लगेच कट करायचा. आता हीटरच्या स्विचवर चिकटपट्टी लावली आहे. सकाळी जनरेटर सुरू झाल्यावर टाकी तापायला चाळीस मिनिटं लागतात, तेवढ्यापुरता हीटर वापरतो. हवेचे जॉइंट्सही आवळले.

आता ४० मधले पावणेसात टाकीला गेले, म्हणजे सव्वातेहतीस अजून रेडिएटरवर उडतायत. ते सोडवत नाही मला. पावसाचं पाणी साठवायला टाकी बांधायचा विचार आहे. तेवढं जमलं तर चिलरचा विषय पुन्हा काढू.

कार्नोचा भाचा

सव्वातेहतीस नाहीत. हीटर बंद झाला म्हणजे जनरेटरचा लोड उतरला, लोड उतरला म्हणजे जॅकेटची उष्णताही उतरली. परत मोजा.

तेलपाणी

मोजलं. लोड ५३. इंजिनाबाहेर ८५.५, परत येताना ८०.२, प्रवाह तोच. साडेपस्तीस. टाकीचे वजा करून उरले २९ च्या आत.

शून्यदाब

म्हणजे साडेपाच टनांच्या आत. पावसाच्या टाकीचं माप तेवढ्यावर काढा, सातवर नको.